नवा बोर्ड गेम आणलात? खोका फोडण्याआधीपासून पहिल्या पूर्ण डावापर्यंत, क्रमाने

पाहुणे जमले की उत्साहात खोका फोडायचा, एकाने नियमपुस्तिका मोठ्याने वाचायला घ्यायची, बाकीच्यांनी सोंगट्या हाताळत बसायचं, आणि थोड्या वेळात मुलांनी कॅरमकडे वळायचं. सोलापुरातल्या ओळखीच्या घरांतून हीच हकीकत सारखी कानावर येते. मग खोका माळ्यावर जातो आणि ‘हे असले गेम आपल्याकडे नाही चालत’ असा निकाल लागतो. गेममध्ये काही खोट नसते. तयारीची कामं पाहुण्यांसमोर केली जातात आणि शिकवताना क्रम उलटा होतो, तिथेच सगळं बिनसतं.

माझ्याकडे अलीकडे आलेले चार गेम उदाहरणाला घेतो: स्प्लेंडर, अझुल, टिकेट टू राइड आणि कटान. तुमचा गेम वेगळा असला तरी टप्पे तेच राहतील.

## टप्पा १: विकत घेण्याआधी बसणारी माणसं मोजा

खोक्यावर किती जणांचा गेम आहे ते छापलेलं असतं आणि तेच वाचलं जात नाही. स्प्लेंडर आणि अझुल २ ते ४ जणांचे, टिकेट टू राइड २ ते ५ जणांचा, कटान ३ ते ४ जणांचा. घरात नवरा-बायको दोघंच असतील तर मूळ कटान तुमच्या कामाचा नाही. नाव ऐकून तोच आधी घेतला जातो आणि तिसरा भिडू मिळेपर्यंत पडून राहतो. उलट गड्ड्याच्या यात्रेला (आमच्या सोलापुरातली सिद्धेश्वराची जत्रा) घर पाहुण्यांनी भरलं असताना चौघांचा गेम काढला की निम्मी माणसं नुसती बघत बसतात. आठ जण असतील तर दोन-दोनच्या जोड्या करा. प्रत्येक जोडी एक खेळाडू धरायची, डाव सगळ्यांचा एकच. आजी आणि नातू अशी जोडी हमखास जमते.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्याकडे एकाच वाड्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसं असतात, आणि इंग्रजी भराभर वाचणारी त्यातली एक-दोनच. अझुलच्या फरशांवर आणि स्प्लेंडरच्या पत्त्यांवर वाचायला काही नाही, फक्त रंग, चिन्हं आणि आकडे. टिकेट टू राइडमध्ये गावांची नावं तेवढी रोमन लिपीत आहेत. कटानमधल्या विकासपत्त्यांवर (डेव्हलपमेंट कार्ड) मात्र इंग्रजी मजकूर असतो. शब्दांवरून शब्द ओळखायचे गेम अशा मिश्र मंडळीत पहिल्याच बैठकीला नकोत. ज्याचं इंग्रजी कच्चं तो गप्प बसतो, आणि पुन्हा बोलावलं तर येत नाही.

सावधान: पुरवणीचा खोका मूळ गेम समजून घेऊ नका. खोक्यावर ‘एक्स्पान्शन’ किंवा ‘एक्स्टेन्शन’ लिहिलेलं असेल तर तो एकटा खेळता येत नाही. कटानचा ५-६ जणांचा खोका असाच आहे. टिकेट टू राइडचा भारताचा नकाशा पाहून तर आपल्या माणसांचा हात आधी तिकडेच जातो, पण त्या खोक्यात गाड्या नाहीत आणि गाडीपत्तेही नाहीत. ते मूळ गेममधूनच घ्यावे लागतात.

सावधान: नेहमीच्या किमतीच्या निम्म्याहून कमी दर दिसला तर नक्कल असण्याची शक्यता धरा. नकलेत पत्ते पातळ निघतात, पाठीचा रंग कमी-जास्त असतो, आणि पाठीवरून पत्ता ओळखू आला की खेळच संपला. विकणाऱ्याचं नाव आणि परत करण्याची मुदत बघूनच मागवा.

चारांपैकी आधी कोणता घ्यावा? माझं मत स्पष्ट आहे: आधी स्प्लेंडर किंवा अझुल, मग टिकेट टू राइड, आणि शेवटी कटान. कटान वाईट म्हणून नव्हे. त्यात बोलून सौदे करायचे असतात, आणि ज्यांनी कधीच असा गेम खेळलेला नाही त्यांना नियम सांभाळून सौदे करणं पहिल्या दिवशी झेपत नाही.

## टप्पा २: खोका एकट्याने फोडा

पाहुणे यायच्या आदल्या दिवशीच्या आत हे काम संपवा. चार गेममध्ये मिळून शेकडो सुटे तुकडे आहेत आणि ते मोजायला शांतता लागते.

१. हात धुऊन कोरडे करा. जाड पुठ्ठ्याच्या पाटीतले तुकडे ओढून काढू नका, ओढलं की वरचा छापील कागद सालीसारखा निघतो. चारी कडांनी हळूहळू दाबून सुटे करा.

२. रिकामी झालेली पाटी लगेच रद्दीत टाकू नका. बारीक तुकडा कोपऱ्यात अडकून राहतो. मोजणी पूर्ण झाली की मगच टाका.

३. नियमपुस्तिकेतल्या यादीशी ताळा जुळवा. स्प्लेंडरमध्ये ९० पत्ते (पहिल्या पातळीचे ४०, दुसऱ्या पातळीचे ३०, तिसऱ्या पातळीचे २०), १० सरदार (गुण देणारे पुठ्ठ्याचे तुकडे) आणि ४० चकत्या. अझुलमध्ये १०० फरशा, पाच नमुन्यांच्या प्रत्येकी २०. टिकेट टू राइडमध्ये प्रत्येक रंगाच्या ४५ गाड्या आणि वर थोड्या जादा, शिवाय ११० गाडीपत्ते. कटानमध्ये १९ षटकोनी जमिनी, १८ आकडे, ९५ मालपत्ते, २५ विकासपत्ते. आवृत्ती वेगळी असेल तर तुमच्या पुस्तिकेतली यादी प्रमाण माना. काही कमी निघालं तर परत करण्याच्या मुदतीतच कळायला हवं.

४. झिपच्या छोट्या पिशव्या आणा, नवी पेठेत कुठल्याही प्लास्टिकच्या किंवा स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. एका खेळाडूचा एक रंग, एक पिशवी. हे केलं की पुढच्या वेळी मांडणीचा वेळ निम्म्यावर येतो.

५. नवे पत्ते रंगवारीने लावलेले येतात. दोन-तीनदा पिसून ते मिसळत नाहीत. टिकेट टू राइडमध्ये ओळीने सात लाल पत्ते निघाले की लोक गेमला नावं ठेवतात, कारण एवढंच असतं. सगळे पत्ते चादरीवर पालथे पसरून दोन्ही हातांनी कालवा, गोळा करा, मग पिसा.

सावधान: अझुलच्या फरशा थेट गोळ्या-चॉकलेटसारख्या दिसतात. घरात रांगतं मूल असेल तर जमिनीवर मांडूच नका.

## टप्पा ३: एकट्यानेच दोघांचा डाव खेळा

लोक बहुतेक हाच टप्पा गाळतात. नियम वाचून समजले असं वाटतं, पण हाताने खेळल्याशिवाय कुठे अडतं ते कळत नाही.

पुस्तिका पहिल्या पानापासून वाचू नका. आधी जिंकायचं कशाने ते शोधा. मग डाव कधी संपतो. मग आपल्या पाळीला काय काय करता येतं. मांडणी सगळ्यात शेवटी. मग दोन खेळाडूंचा पट मांडा (कटान असेल तर तिघांचा), प्रत्येक बाजूने पाच-सहा पाळ्या खेळा, आणि जिथे ‘आता काय?’ असा प्रश्न पडेल तिथे पुस्तिकेत खूण करून ठेवा. ज्या प्रश्नाला तुम्ही अडलात तोच प्रश्न उद्या काका विचारणार आहेत.

व्हिडिओ बघायचा तर यानंतर. आधी बघितला तर नियम आणि त्या माणसाच्या घरचे नियम यांची सरमिसळ होते.

शेवटी एक चिठ्ठी करा, घरात जी भाषा चालते त्या भाषेत आणि मोठ्या अक्षरात. कटानची चिठ्ठी अशी:

रस्ता: १ लाकूड, १ वीट
वस्ती: १ लाकूड, १ वीट, १ लोकर, १ गहू
शहर: ३ खनिज, २ गहू (वस्तीच्या जागीच)
विकासपत्ता: १ खनिज, १ लोकर, १ गहू
पेढीशी बदल: एकाच मालाचे ४ देऊन कोणताही १

चौघांसाठी चार प्रती काढा. एकच चिठ्ठी मधे ठेवली तर ती सतत फिरत राहते आणि खेळ अडतो.

तपासा: पुस्तिका मिटून, दोन मिनिटांत, जिंकण्याची अट आणि पाळीतल्या चाली सांगता येतात का? येत नसतील तर पाहुण्यांना अजून बोलवू नका.

## टप्पा ४: बैठक

टेबल छोटं असेल तर सरळ खाली बसा. सोलापुरी चादर अंथरली की पत्ते उचलायला सोपे जातात, कारण गुळगुळीत फरशीवर पत्त्याखाली नख शिरत नाही, आणि पुठ्ठ्याचे तुकडे सरकतही नाहीत. दोन गोष्टी सांभाळा. चादर ताणून, सुरकुत्या काढून घाला, कोपऱ्यांवर जड वस्तू ठेवा. आणि फासे चादरीवर टाकू नका, ते नीट लोळत नाहीत, तिरके अडकतात आणि ‘हा चार की पाच’ यावर भांडण लागतं. काठाचं ताट घ्या. आवाजाचा त्रास होत असेल तर ताटात रुमाल.

पंख्याचा प्रश्न खरा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असताना पंखा बंद करून कोणी बसणार नाही, आणि सुट्टीतल्या दुपारी तर हाच खेळायचा वेळ. पट पंख्याच्या बरोबर खाली नको, भिंतीच्या बाजूला घ्या. कूलरचं तोंड वळवा. पत्त्यांचा गठ्ठा उथळ डब्यात ठेवा. स्प्लेंडरच्या चकत्या जड असतात, त्या हलत नाहीत. टिकेट टू राइडच्या गाड्या वाऱ्याने जात नाहीत, मांडी हलली की जातात. म्हणून पटाच्या चारी बाजूंनी वीतभर जागा मोकळी सोडा.

चकत्या, माल, फरशा यांना स्टीलच्या वाट्या, प्रत्येक प्रकाराला वेगळी. हे सगळं मंडळी बसायच्या आधी मांडून झालेलं हवं. मांडणी बघत पंधरा मिनिटं बसवलं तर उत्साह तिथेच ओसरतो.

खाणं डावाच्या आधी किंवा नंतर. शेंगाचटणीचं तेल पत्त्याला लागलं की निघत नाही, आणि तो पत्ता कायमचा ओळखू येतो. ज्यांच्या घरी खाता-खाताच खेळ होणार हे ठरलेलं आहे, त्यांनी पत्त्यांना प्लास्टिकची कव्हरं घालावीत. मागवण्याआधी पत्ता मोजपट्टीने मोजा. चारही गेमचे पत्ते एका मापाचे नाहीत.

## टप्पा ५: शिकवण्याचा क्रम

सगळा लेख विसरलात तरी एवढा टप्पा धरून ठेवा.

शिकवणारा एकच. बाकी ज्याला येतं त्याने गप्प बसायचं, हे आधीच ठरवा. दोघं शिकवायला लागले की एक मुख्य नियम सांगतो, दुसरा मधेच अपवाद जोडतो, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात काहीच राहत नाही.

१. पहिलं वाक्य जिंकण्याचं. स्प्लेंडर असेल तर: “आपण सगळे जवाहिरे आहोत, चकत्या देऊन पत्ते घ्यायचे, आणि १५ गुण करायचे.” टिकेट टू राइड असेल तर: “हातातल्या तिकिटावरची दोन गावं आपल्या गाड्यांनी जोडायची, शेवटी ज्याचे गुण जास्त तो जिंकला.” गेम कुठल्या देशातला, कोणी केला, यातलं काही आत्ता नको.

२. दुसरं, डाव कधी संपतो. शेवट माहीत असला की माणूस वेगाचा अंदाज बांधतो.

३. तिसरं, पाळीला काय करायचं. तोंडाने सांगू नका, करून दाखवा. स्प्लेंडरमध्ये पाळीला चारांपैकी एकच गोष्ट: तीन वेगवेगळ्या रंगांच्या चकत्या घ्या, किंवा एकाच रंगाच्या दोन घ्या, किंवा पत्ता राखून ठेवा, किंवा पत्ता विकत घ्या. प्रत्येक चाल एकदा हाताने करा आणि चकत्या परत ठेवा.

४. चौथं, नुकसान कशाने होतं. बाकीचे अपवाद जेव्हा येतील तेव्हा सांगितले तरी चालतात. दंडाचे नियम मात्र डाव सुरू व्हायच्या आधी सांगायलाच हवेत. अपुऱ्या तिकिटाचे गुण वजा होतात हे टिकेट टू राइडच्या शेवटी कळलं तर समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याचं तसं वाटणं बरोबर आहे.

५. पाचवं, दोन फेऱ्या उघड्या पत्त्यांनी. सगळ्यांचे पत्ते समोर पालथे न ठेवता उताणे. प्रत्येक जण आपली चाल मोठ्याने बोलून करेल. दोन फेऱ्या झाल्या की सगळं मोडून नव्याने मांडा. हा वेळ वाया गेला असं वाटतं, पण पुढचे सगळे ‘थांब, मला कळलंच नव्हतं’ याच दहा मिनिटांत संपतात.

लहान मुलाला खेळायचंच असेल तर कच्चा लिंबू म्हणून घ्या, पण नियम मोडून नव्हे. त्याला दंड माफ, किंवा मोठ्याबरोबर जोडी. त्याच्यासाठी अख्ख्या डावाचा नियम बदलला की बाकीच्यांची गोडी जाते.

सावधान: दुसऱ्याची पाळी खेळू नका. ज्याला गेम येतो तो ‘अहो वहिनी, हा घ्या ना, तो कशाला’ असं प्रत्येक पाळीला सुचवत राहतो. वहिनींनी वाईट चाल केली तर करू द्या. विचारलं तरच सांगा, आणि एक चाल न सांगता दोन पर्याय सांगा. मी पाहिलेल्या बैठका कठीण नियमांपेक्षा या आगाऊपणाने जास्त मोडल्या आहेत.

## टप्पा ६: नेमके कुठले नियम चुकतात

### स्प्लेंडर

चकत्या माणसांप्रमाणे कमी करायच्या असतात. चौघांत प्रत्येक रंगाच्या ७, तिघांत ५, दोघांत ४. सोनेरी चकत्या (कोणत्याही रंगाऐवजी चालणाऱ्या) कायम ५. दोघांनी सगळ्या चकत्या घेऊन खेळलं तर टंचाईच राहत नाही आणि गेम सपक होतो. सरदार मांडायचे ते खेळाडूंपेक्षा एक जास्त.

एका रंगाच्या दोन चकत्या तेव्हाच घेता येतात, जेव्हा त्या ढिगात किमान ४ असतात. हातात पाळीअखेर १० पेक्षा जास्त चकत्या नकोत. सोनेरी चकती पत्ता राखून ठेवतानाच मिळते, एरवी उचलता येत नाही. राखलेले पत्ते जास्तीत जास्त तीन, आणि ते टाकून देता येत नाहीत.

सर्वांत मोठी गफलत: विकत घेतलेल्या पत्त्यावरचं रत्न खर्च होत नाही, ते प्रत्येक खरेदीत सवलत देत राहतं. आणि सरदार येतो तो फक्त पत्त्यांवरच्या रत्नांवर, चकत्या धरत नाहीत. कोणी १५ ला पोचला की डाव तिथेच थांबत नाही, ती फेरी पूर्ण करायची.

### अझुल

मधल्या चकत्या, ज्यांवर फरशा मांडतात, त्या दोघांत ५, तिघांत ७, चौघांत ९. प्रत्येकीवर ४ फरशा. एका चकतीवरून एका रंगाच्या सगळ्या फरशा उचलायच्या, उरलेल्या मधोमध सरकवायच्या. ‘मला दोनच हव्यात’ चालत नाही. मधल्या ढिगातून जो पहिला उचलतो त्याला पहिल्या खेळाडूची खूण घ्यावी लागते आणि ती त्याच्या दंडाच्या ओळीत बसते.

फेरीअखेर भरलेल्या ओळीतली एकच फरशी भिंतीवर जाते, बाकीच्या खोक्याच्या झाकणात. अर्धवट ओळी तशाच राहतात, त्या रिकाम्या करू नका. ज्या रंगाची फरशी भिंतीवरच्या आडव्या ओळीत आधीच बसली आहे तो रंग त्या ओळीत पुन्हा घेता येत नाही.

गुण मोजताना घाई नको. वरच्या ओळीपासून खाली, एक फरशी सरकवा आणि लगेच तिचे गुण मांडा. सगळ्या सरकवून मग मोजले तर वरच्या फरशीला खालच्या शेजाऱ्यांचे गुण चुकून मिळतात. फरशी एकटी असेल तर १ गुण. आडव्या शेजारी सलग असतील तर ती सगळी साखळी मोजा, उभ्या असतील तर तीही, आणि नवी फरशी दोन्हीकडे धरा. आडव्या साखळीत तीन आणि उभ्या साखळीत दोन झाल्या तर ३ अधिक २, म्हणजे ५. दंडाची ओळ क्रमाने १, १, २, २, २, ३, ३ गुण खाते. कोणाची एक आडवी ओळ पूर्ण झाली की त्या फेरीनंतर डाव संपला. मग पूर्ण आडव्या ओळीला २, उभ्या ओळीला ७, आणि एका रंगाच्या पाचही बसल्या तर १० गुण.

### टिकेट टू राइड

सुरुवातीला ४ गाडीपत्ते आणि ३ तिकिटं. तिकिटं किमान दोन ठेवायची. पाळीला एकच काम: पत्ते घ्या, किंवा एक मार्ग घ्या, किंवा नवी तिकिटं घ्या. ‘पत्ते घेऊन लगेच मार्गही घेतला’ ही चूक पहिल्या डावात हमखास होते.

उघडं इंजिन (कोणत्याही रंगाऐवजी चालणारा पत्ता) उचललं तर त्या पाळीला तेवढाच एक पत्ता. पालथ्या गठ्ठ्यातून नशिबाने इंजिन आलं तर दुसरा पत्ता घेता येतो. पाच उघड्या पत्त्यांत तीन इंजिनं आली तर पाचही काढून नवे पाच लावा. करड्या मार्गाला कोणताही रंग चालतो, पण सगळे पत्ते एकाच रंगाचे हवेत. आपले मार्ग एकमेकांना लागूनच घ्यावेत असा नियम नाही, हे आवर्जून सांगा. नाहीतर लोक एका टोकापासून रेघ ओढत बसतात आणि मधली अरुंद वाट दुसरा घेऊन जातो. दोघांत किंवा तिघांत खेळताना दुहेरी मार्गातला एकच वापरायचा.

लांबीप्रमाणे गुण: १ ला १, २ ला २, ३ ला ४, ४ ला ७, ५ ला १०, ६ ला १५. ज्याच्याकडे २ किंवा कमी गाड्या उरल्या, त्यानंतर त्याच्यासकट सगळ्यांना एकेक पाळी. सर्वांत लांब सलग मार्गाला १० गुण.

### कटान

पहिला डाव पुस्तिकेत दिलेल्या तयार मांडणीवरच खेळा. जमिनी उलटसुलट लावायची हौस दुसऱ्या डावाला. तेव्हा आकडे मनाने ठेवलेत तर ६ आणि ८ शेजारी-शेजारी येऊ देऊ नका. दोन फाशांच्या ३६ जोड्यांत ६ आणि ८ प्रत्येकी पाचदा येतात, २ आणि १२ एकेकदाच. जागा निवडताना हे सगळ्यांना सांगून टाका, ही माहिती लपवून जिंकण्यात काही अर्थ नाही.

सुरुवातीच्या वस्त्यांचा क्रम जाऊन-येऊन आहे: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, मग चौथा, तिसरा, दुसरा, पहिला. सुरुवातीचा माल दुसऱ्या वस्तीभोवतीच्या जमिनींचाच मिळतो, दोन्हींचा नाही. दोन वस्त्यांत किमान दोन रस्त्यांचं अंतर हवं, मग ती वस्ती आपली असो की दुसऱ्याची.

७ पडला की तीन गोष्टी, याच क्रमाने. ज्यांच्या हातात ७ पेक्षा जास्त मालपत्ते आहेत ते निम्मे टाकतात, विषम असतील तर कमी बाजूने (नऊचे चार). मग ज्याने फासे टाकले तो चोराची सोंगटी हलवतो, ती त्याच जागी ठेवता येत नाही. मग त्या जमिनीलगतच्या एकाचा एक पत्ता न बघता उचलतो. योद्ध्याचा पत्ता (विकासपत्त्यांतला एक) खेळला तर चोर हलतो आणि पत्ता चोरता येतो, पण निम्मे टाकायचा नियम तेव्हा लागत नाही.

सौदा फक्त ज्याची पाळी आहे त्याच्याशी. ‘व्यापार’ खेळून वाढलेल्या माणसांना कधीही, कोणाशीही देवघेव करायची सवय असते. इथे पाळी नसलेल्या दोघांनी परस्पर बदल करायचा नाही, आणि फुकट कोणाला माल द्यायचा नाही. भाऊ बहिणीला प्रेमाने दोन गहू देतो आणि तिसऱ्याचा डाव बुडतो. विकासपत्ता घेतल्या पाळीला खेळता येत नाही. त्याला अपवाद गुणाच्या पत्त्यांचा, ते लपवून ठेवायचे आणि जिंकायला लागणारे १० गुण होताच उघड करायचे. आणि १० गुण आपल्या पाळीतच मोजायचे.

तपासा: डाव सुरू करताना वस्त्या ५, शहरं ४, रस्ते १५, प्रत्येकाकडे एवढेच. शहर केलं की वस्ती परत हातात येते. ती परत घ्यायचं लोक विसरतात आणि ‘वस्त्या संपल्या’ म्हणून अडतात.

## टप्पा ७: डाव चालू असताना

नियमावरून वाद झाला तर पुस्तिका एकानेच काढायची आणि दोन मिनिटांत सापडलं नाही तर त्या पाळीपुरता निर्णय घेऊन पुढे जायचं. अर्ध्या डावात कळलं की एक नियम चुकीचा खेळलाय, तर मागचं उसवत बसू नका. पुढच्या फेरीपासून सगळ्यांना बरोबर नियम लावा. हरणारा तो नियम आपल्याला भोवला म्हणाला तर डाव सरावाचा धरा, त्यात रडीचा डाव म्हणायचं काही कारण नाही.

खोक्यावर छापलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ पहिल्या डावाला धरा. रात्री उशिरा कटान काढू नका. तो अर्ध्यावर सोडवत नाही, आणि झोप आलेली माणसं सौदे करत नाहीत.

## टप्पा ८: आवरताना

सगळे उठायच्या आत ज्याने त्याने आपला रंग मोजून आपल्या पिशवीत भरायचा. फरशा अझुलच्या थैलीत घालण्याआधी दहा-दहाचे ढीग करून मोजा. दहा ढीग झाले की चादर झटकायला हरकत नाही. कमी असेल तर आधी चादर बघा, तिच्या घडीत आणि झालरीत फरशी हमखास सापडते. चादर झटकून मग शोधायला बसू नका.

खोका माळ्यावर ठेवू नका. उन्हाळ्यात पत्र्याखाली किंवा तापलेल्या स्लॅबखाली पट वाकतात, पत्ते धनुष्य होतात. आतल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा कप्पा बरा, खोका आडवा, त्यावर वजन नको. पावसाळ्यात बुटांच्या खोक्यातून येणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या दोन पुड्या आत टाका.

दुसरा डाव त्याच आठवड्यात, त्याच मंडळींबरोबर लावा. महिनाभर गेला की सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. या वेळी नियम तुम्ही सांगू नका, मागच्या खेपेला जो शेवटचा आला त्याला सांगायला लावा आणि चिठ्ठी त्याच्या हातात द्या. तो जिथे अडखळेल तो नियम चिठ्ठीत जाड अक्षरात लिहून ठेवा.